रिप्लायच्या बाजूने

मराठीच्या तब्येतीची काळजी वाहणाऱ्या मंडळींनी सध्या एका शब्दाला धारेवर धरलं आहे. शब्द आहे 'रिप्लाय'. 'मेसेज केला होता, पण रिप्लाय नाही आला' हे वाक्य कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचं म्हणणं साधारण असं: 'उत्तर' हा जुना, सोज्ज्वळ शब्द घरात असताना उसनवारी करायचं कारणच काय? मोबाइल आला, तरुण मुलं आळसावली आणि हा शब्द मागच्या दारानं आत शिरला. त्याला वेळीच बाहेर काढलं नाही, तर 'उत्तर' उद्या कोशात तेवढं उरेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून तर या तक्रारीला भलताच जोर चढला आहे. अभिजात भाषेच्या माणसानं 'रिप्लाय' म्हणावं म्हणजे काय!

या तक्रारीतलं एकही कलम मला टिकेलसं वाटत नाही. 'रिप्लाय' मोबाइलबरोबर आला नाही आणि आळसानं तर मुळीच आला नाही. 'उत्तर' या शब्दाची दुर्दशा झाली आहे हे मात्र खरं. पण ती ज्यांनी केली ते अत्यंत शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठी लिहितात आणि त्यांच्यावर कुणी शाई खर्च करत नाही.

आधी जन्मतारखेचा घोळ मिटवू. हा शब्द मराठी माणसाच्या हातात टपालखात्यानं ठेवला. ज्यांचं लहानपण पोस्टकार्डांच्या काळात गेलं त्यांना जोडकार्ड आठवत असेल. एकमेकांना जोडलेली दोन कार्डं. पहिल्यावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर फक्त स्वतःचा पत्ता. ज्याला ते मिळालं त्यानं दुसरं कार्ड फाडून वेगळं करायचं, चार ओळी खरडायच्या आणि पेटीत टाकून मोकळं व्हायचं. त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असत. उधारी थकवलेलं गिऱ्हाईक, मुलीची पत्रिका घेऊन महिनोन्महिने गप्प बसलेलं स्थळ, पत्र लिहायचा कंटाळा असलेला चुलतभाऊ, अशांसाठी ही सोय. पोस्टाच्या खिडकीवर तिला 'रिप्लाय कार्ड' म्हणत आणि घरात 'जोडकार्ड'. तारेचंही तेच. 'रिप्लाय पेड' तार केली की समोरच्याला उलट तार करायला पैशाची सबब उरत नसे. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली, पण तोवर कित्येक पिढ्या हा शब्द बोलून गेल्या होत्या. ज्या आजोबांच्या शुद्ध मराठीचे दाखले आज नातवंडांना दिले जातात, ते आजोबा तारमास्तरांपुढे उभे राहून 'रिप्लाय पेड करा' असंच म्हणाले असतील.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की 'जोडकार्ड' आणि 'रिप्लाय कार्ड' एकाच वेळी सुखानं नांदले. कुणी कुणाला मारलं नाही.

आता आळसाचा मुद्दा. 'उत्तर असताना रिप्लाय कशाला' या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे, की दोन्ही शब्द एकच काम करतात. तसं असतं तर तक्रार रास्त ठरली असती. पण 'उत्तर' या शब्दाकडे जरा निरखून पाहा. उत्तराला आधी प्रश्न लागतो. गणिताचं उत्तर, कोड्याचं उत्तर, मुलाखतीतलं उत्तर, उत्तरपत्रिका, निरुत्तर. प्रश्न नसताना तोंडातून निघालं तर ते 'उलट उत्तर' होतं आणि त्याला घरात चापट मिळते. आता सकाळी सहा वाजता आत्याबाई गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून पाठवतात. त्यांनी काय विचारलं? काहीच नाही. त्यांना प्रतीक्षा आहे ती पलीकडून काहीतरी हलण्याची. जोडलेले दोन तळवे, एखादं फूल, 'आत्या, कशी आहेस?' यांतलं काहीही चालेल. ते आलं नाही तर दुपारी फोन येतो, 'अगं, रिप्लाय नाही तुझा, बरी आहेस ना?' या वाक्यात 'उत्तर' घालून पाहा. 'अगं, उत्तर नाही तुझं' असं म्हटल्याबरोबर भाचीला वाटेल, आपण काहीतरी विसरलो, आत्यानं काहीतरी विचारलं होतं.

यावर लगेच आक्षेप येईल, की पत्राला आपण उत्तरच लिहीत होतो, तिथे कुठे प्रश्न असायचा? असायचा. जुन्या पत्रांचा साचा आठवा. शेवटी हमखास काहीतरी मागणं असे: प्रकृती कळवावी, येण्याचा दिवस कळवावा, उलट टपाली कळवावे. मागणं होतं म्हणून उत्तर होतं. आणि ज्या पत्रात मागणं नसे त्याला जायची ती पोच. 'आपले पत्र पावले, मजकूर समजला.' पोच वेगळी आणि उत्तर वेगळं, हा भेद आपल्या पणज्यांना पक्का ठाऊक होता. आजचा अंगठ्याचा शिक्का ही पोचच आहे. तो पाठवून 'मी रिप्लाय केला' असं कुणी म्हणालं, तर पोरंसुद्धा हसतात.

बरं, 'उत्तर' नको तर दुसरा मराठी शब्द घ्या, असंही सुचवलं जातं. 'प्रतिसाद' घ्या. पण प्रतिसाद हा घोळक्याचा असतो. नाटकाला प्रतिसाद मिळतो, रक्तदान शिबिराला मिळतो, तो 'भरघोस' असतो, 'उत्स्फूर्त' असतो, आणि संयोजक प्रामाणिक असतील तर 'थंडा' असतो. 'मी आईला प्रतिसाद दिला' असं म्हणणारा मुलगा आजारी आहे असं वाटतं. मग 'प्रत्युत्तर'? ते सीमेवर देतात, तेही 'चोख'. एका चुलतबहिणीच्या साखरपुड्याच्या निमंत्रणाखाली मराठी केलेल्या पडद्यावर 'प्रत्युत्तर द्या' असं बटण पाहिलं आणि दोन कुटुंबांत वाकडं आहे की काय, असा क्षणभर संशय आला. ज्यानं ते भाषांतर केलं त्यानं कोश पाहिला होता, पण मराठी माणसाला भांडताना ऐकलं नव्हतं.

उरला 'जबाब'. तो तर फारच शिकवण देणारा शब्द आहे. मूळ अरबी 'जवाब', फारसीतून आपल्याकडे आलेला. पेशवाईच्या पत्रांत तो ठायी ठायी भेटतो. दोन दरबारांतल्या बोलण्याचालण्याला 'जाबसाल' म्हणत, म्हणजे जबाब आणि सवाल. कलगी-तुऱ्याच्या फडात आणि लावणीत सवाल-जवाब रंगला. हिंदीत आणि गुजरातीत आजही हाच शब्द सगळी कामं एकट्यानं उरकतो: परीक्षेतलं उत्तर, पत्राचं उत्तर, टोमण्याला टोमणा. आग्र्याला ताजमहालाच्या एका बाजूला मशीद आहे, आणि तोल साधावा म्हणून दुसऱ्या बाजूला तशीच इमारत बांधली आहे. तिलासुद्धा 'जवाब' म्हणतात. तेरेखोलच्या पलीकडे कोकणीत 'जाप' एवढ्या एका शब्दावर भागतं. मराठीनं मात्र तसं केलं नाही. तिनं 'जबाब' घेतला आणि हळूहळू त्याची रवानगी पोलीस ठाण्यात केली. तिथे तो 'नोंदवला' जातो, 'फिरवला' जातो. त्याचंच आकसलेलं रूप 'जाब'. तो आपण 'विचारतो', आणि विचारणाऱ्याचा आवाज चढलेला असतो. मराठीला एक शब्द सगळीकडे चालवायची सवय नाही. प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमायची आहे. हाकेला आपण उत्तर देत नाही, 'ओ' देतो. मागणीला होकार किंवा नकार देतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात, त्यालाही कुणी उत्तर म्हणत नाही. आणि लग्नाच्या बैठकीत 'कळवतो' म्हणतात, ज्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नको' असा असतो.

इंग्रजीशी हे ताडून पाहिलं की गंमत अधिक उघड होते. इंग्रजी माणूस दाराला 'आन्सर' करतो, फोनला करतो, त्याचा देव प्रार्थनेला करतो, आणि पोलिसांनी दिलेल्या वर्णनालाही कुणीतरी आन्सर करतो. मराठीत दार उघडतात, फोन उचलतात, देव नवसाला पावतो आणि माणूस वर्णनाशी जुळतो. चारांतल्या एकाही ठिकाणी 'उत्तर' नाही. आता पाहा, मराठी माणसानं इंग्रजीतून काय उचललं. आळशी माणूस हाताला लागेल ते उचलतो. आपण 'आन्सर' उचलला तो फक्त परीक्षेपुरता: आन्सरशीट, आन्सर की. 'रिस्पॉन्स' उचलला तो गर्दीपुरता: 'नाटकाला रिस्पॉन्स बरा होता.' आणि 'रिप्लाय' उचलला तो निरोपापुरता. 'मेसेजला आन्सर दे' असं म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्या मुलाला हा भेद कुणी शिकवला नाही, व्याकरणाच्या तासाला जो झोपलेला असतो, तोही यात चुकत नाही. इंग्रजीत हे तीन शब्द एकमेकांच्या अंगणात बिनदिक्कत फिरतात. मराठीत आल्यावर प्रत्येकाला आपापली हद्द मिळाली. या वाटणीला आळस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

शिवाय 'रिप्लाय'ला आपण व्याकरणातही बसवून घेतलं. 'उत्तर' येतं, 'जबाब' येतो, 'रिप्लाय'सुद्धा येतो. तो पुल्लिंगी झाला, जबाबाच्या पंगतीत बसला, आणि हे कुठल्या मंडळाच्या बैठकीत ठरलं नाही.

इतिहासाचा दाखला देणाऱ्यांना इतिहासच दाखवावा लागतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं राज्यव्यवहारकोश झाला, हे या वादात हुकमी पान म्हणून टाकलं जातं. चौदाशेच्या आसपास फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांची नावं बदलली: पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. राजकीय कृती म्हणून हे थोरच होतं. आपलं राज्य आपल्या भाषेत चालेल, हे सांगायची ती रीत होती. पण पुढे काय झालं? सेनापती टिकला. मुजुमदार आडनाव होऊन आजही दारावरच्या पाटीवर आहे. आणि पेशवा? पुढच्या शतकातल्या सबंध कालखंडाला आपण पेशवाई म्हणतो. पंतप्रधान हा शब्द बोलण्यात मागे पडला. देशाला लोकशाहीतला प्रमुख मंत्री मिळाला तेव्हा तो पुन्हा उपयोगी पडला आणि आता तो हलत नाही. म्हणजे आज्ञा महाराजांची असली, तरी निवड बोलणाऱ्यांनी केली, आणि आपल्या सोयीनं केली.

सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीची मोहीम उघडली. तिचं देणं मोठं आहे, ते नाकारणारा मी नाही. पण 'तारीख' आणि 'दिनांक' यांचं काय झालं ते पाहा. अर्जावर दिनांक आहे, कोर्टात तारीख पडते, पगाराची तारीख असते. दोघंही जिवंत आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. माधव जूलियनांची गोष्ट तर अधिक बोलकी. १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश करणारा हा माणूस १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीच्या बाजूला गेला. म्हणजे फारसीवरचं प्रेम आणि फारसीला विरोध एकाच घरात राहू शकतात. मला त्यांचा तो बदल पटत नाही, पण त्यांना निदान ज्या शब्दांना हाकलायचं ते शब्द नीट ठाऊक होते. आजच्या फलकलेखकांबद्दल तसं म्हणवत नाही.

आणि एक शब्द राहिलाच: 'जबाबदारी'. अरबी धड, फारसी शेपूट. त्याला 'उत्तरदायित्व' हा शुद्ध पर्याय कधीचा तयार आहे. कुठली आई मुलाला म्हणते, 'धाकट्याचं उत्तरदायित्व तुझ्यावर'? 'रिप्लाय'विरोधी लेखांत 'मराठी टिकवणं ही आपली सर्वांची जबाबदारी आहे' हे वाक्य हमखास असतं. लेखकाला त्यात काही खटकत नाही, आणि खटकू नयेच. तो शब्द आता मराठी आहे. फक्त याच न्यायानं दुसऱ्या शब्दाकडे पाहा, एवढंच मागणं आहे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. 'उत्तर' हा शब्द मरत असेल तर कुठे मरतो आहे?

जिथे उत्तराला कायद्याचा धाक आहे तिथे तो ठणठणीत आहे. दिवाणी दाव्यात प्रतिवादीला लेखी कैफियत द्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या ऑर्डरीप्रमाणे ३० दिवसांत, आणि कोर्टानं कारणं नोंदवून मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. त्यात 'वादीचे म्हणणे खोटे आहे' असं मोघम लिहून भागत नाही. वादीनं मांडलेली एकेक गोष्ट घेऊन ती मान्य आहे की नाही ते सांगायचं. जी स्पष्टपणे नाकारली नाही ती कबूल आहे असं धरलं जातं. आपल्याकडच्या कोर्टांत मधल्या अर्जांवर समोरच्याचं 'म्हणणं' मागवतात. वकील त्याला सर्रास 'से' म्हणतात: 'से दिला का?', 'से बाकी आहे.' इंग्रजी क्रियापदाचं असं नाम महाराष्ट्रातल्या कोर्टांनी करून टाकलं आहे आणि पक्षकार शेतकरीही ते बिनचूक वापरतो. शुद्धिवाद्यांनी इकडे यावं, त्यांना दिवसभर पुरेल इतकं काम आहे. पण त्या 'से'मध्ये खरंच काहीतरी म्हटलेलं असतं. म्हणायला नाकारलं तर दावा हातचा जातो.

आता विधिमंडळात चला. तिथे मराठी शुद्ध आहे. तारांकित प्रश्नोत्तरांची यादी हातात घेतली की एकही इंग्रजी शब्द टोचत नाही. प्रश्नाचा साचा ठरलेला: अमुक ठिकाणी अमुक गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? चार आकडे, चार पायऱ्या. उत्तराचाही साचा ठरलेला. एक: 'हे अंशतः खरे आहे.' कोणता अंश, ते समोरच्यानं ओळखायचं. दोन आणि तीन: 'प्रकरण तपासण्यात येत आहे.' चार: 'प्रश्न उद्भवत नाही.'

'प्रश्न उद्भवत नाही.' मराठीत याहून व्याकरणशुद्ध वाक्य सापडणं कठीण. तत्सम, तोलदार, शुद्धलेखनाच्या नियमांत बसणारं. आणि तरीही यानं 'उत्तर' या शब्दाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं मोबाइलवरच्या पोरांना सात जन्मांत जमणार नाही. कारण ते वाक्य ज्या रकान्यात छापलं आहे त्याच्या डोक्यावर 'उत्तर' असं लिहिलेलं असतं. गावातल्या पाणीयोजनेचं काय झालं असं ज्यानं आमदाराकरवी विचारलं, त्याला कळतं की उत्तर म्हणजे हे. असं वर्षानुवर्षं कळत राहिलं की माणूस उत्तराची अपेक्षाच सोडतो.

प्रश्न विचारायचा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्यानं इथल्या कायदेमंडळांत सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उपप्रश्न नाही. सरकारनं लिहून आणलेलं वाचायचं आणि सभासदानं खाली बसायचं. उपप्रश्नाची मुभा १९०९ च्या सुधारणांनी आली, तीही आरंभी फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. ही बारीक तरतूद वाटते, पण सगळा फरक तिथेच पडतो. सरकारनं काहीतरी वाचून दाखवलं, तोवर तो निव्वळ रिप्लाय असतो. 'मग त्या पैशांचं काय झालं?' असं कुणीतरी उभं राहून विचारू शकतं तेव्हा उत्तर द्यावं लागतं. १९५७ च्या सप्टेंबरात लोकसभेत आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा हाती लागलं ते मोघमच होतं. सव्वा कोटीच्या आसपास रकमेचा मामला. डिसेंबरात फिरोज गांधींनी तो धसाला लावला, तेही स्वतः सत्ताधारी बाकांवर बसत असताना. मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मदअली करीम छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत सर्वांसमक्ष सुनावण्या घेतल्या, महिन्याभरात अहवाल दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. उलट बाजूचं उदाहरण सप्टेंबर २०२० चं. साथीचं कारण देऊन संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नाही. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मात्र मिळत राहिली. म्हणजे कागद येत राहिले, उपप्रश्न तेवढा गेला.

'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल', हे आणखी एक नामांकित उत्तर. लोकसभेत अशा वचनांचा पाठपुरावा करायला १९५३ पासून आश्वासन समिती आहे आणि वचन साधारण तीन महिन्यांत पाळावं असा दंडक आहे. दिलेल्या उत्तरांतली कोणती उत्तरं नव्हतीच, हे शोधायला एक कायमची समिती लागावी, यातच सगळं आलं. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानं हे दुखणं ओळखलं होतं. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत निर्णय दिला नाही, तर माहिती नाकारली असं मानायचं आणि अर्जदारानं अपिलात जायचं. दिवाणी कोर्टात गप्प बसलात तर कबुली, इथे गप्प बसलात तर नकार. दोन्हीकडे मौनाचा अर्थ कायद्यानं ठरवून दिला आहे. त्यामुळे हुशार कार्यालयं गप्प बसत नाहीत. ती एकोणतिसाव्या दिवशी लिहितात: 'आपण मागितलेली माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.' वास्तविक कायदा असा अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायला सांगतो. पण पत्राला जावक क्रमांक आहे, सही आहे, शिक्का आहे, भाषा निर्दोष आहे. शुद्धलेखनाच्या पाहणीत हे पत्र पहिलं येईल.

राजभाषा म्हणून मराठी आणताना पदनाम कोश निघाला, त्या काळी 'बदनाम कोश' म्हणून त्याची टिंगल झाली, आणि तरीही त्यातले पुष्कळ शब्द आज आपण सहज वापरतो. ती धडपड वाया गेली असं मी म्हणणार नाही. हेतू हा होता, की सरकारनं सामान्य माणसाशी त्याच्या भाषेत बोलावं. शब्द आले, बोलणं राहिलं. आज शुद्धीची लाल पेन्सिल घेऊन फिरणाऱ्यांनी ती आत्याबाईंच्या मेसेजवर झिजवण्यापेक्षा एकदा त्या प्रश्नोत्तरांच्या यादीवर चालवून पाहावी. 'अंशतः' पुढे 'कोणता अंश?' असं समासात लिहावं. 'उद्भवत नाही' वर काट मारावी. आपापल्या नगरपालिकेकडून आलेल्या पत्रात विचारलेल्या प्रश्नाला स्पर्श तरी झाला आहे का, एवढं पाहावं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत, आणि मराठी भाषा दिनाच्या फलकावर ते मावतही नाही. 'रिप्लाय'ला झोडपणं फार सोपं.

शेवटचा आक्षेप घसरगुंडीचा. आज 'रिप्लाय' आला, उद्या 'क्वेश्चन' येईल, परवा क्रियापदंसुद्धा जातील. ही भीती पूर्ण निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईच्या काही घरांत मुलांच्या वाक्यात 'आहे' आणि 'नाही' एवढंच मराठी उरलेलं मीही ऐकतो. पण तिथलं दुखणं शब्दाचं नाही, शाळेच्या माध्यमाचं आहे. ज्या मुलाला मराठीत वाक्यच रचता येत नाही त्याच्या तोंडून 'रिप्लाय' काढून घेतलात तर तो 'उत्तर' म्हणणार नाही, सबंध वाक्य इंग्रजीत म्हणेल. ज्याला वाक्य रचता येतं तो 'अरे, काकांना रिप्लाय कर की, किती वेळ झाला' असं म्हणतो, आणि त्या वाक्यातला 'की' कुठल्याही इंग्रजीच्या बापाला भाषांतरित करता येत नाही.

मात्र लिहिणार असाल तर 'रिप्लाय' लिहा. 'रिप्लाई' हे हिंदीचं वळण आहे, आणि ते अलीकडे मराठी जाहिरातींत, बँकांच्या पत्रांत नि औषधांच्या वेष्टनांवर बिनबोभाट शिरतं आहे. मराठी माणूस शेवटी 'य' उच्चारतो. याबद्दल कुणाला वाद घालायचा असेल तर मी तयार आहे.